मोटारीची कुरकुर : निदान आणि उपचार

आपल्या वैद्यकशास्त्रांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. रोग कशामुळें झाला, तो प्रकट होण्यापूर्वीं कोणतीं चिन्हें दिसलीं, आतां कोणतीं दिसतात, कशानें आराम पडतो आणि आंतल्या आंत बिघाडाचा प्रवास कसा झाला, या पांच प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्याखेरीज माधवनिदान अभ्यासिलेला वैद्य औषधाच्या पुडीला हात लावीत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र ही शिस्त आपण सहसा पाळीत नाहीं. गाडी कोठें तरी घूं घूं करूं लागली, कीं ती गॅरेजांत नेऊन सोडावयाची, तेथें सांगतील तो भाग बदलावयाचा, आणि आवाज कायम राहिला तर दुसरा बदलावयाचा, असा आपला क्रम असतो. यांत धन्याचा खिसा रिकामा होतो. रोग मात्र जागच्या जागीं राहतो.

ज्या गाडीचीं चारी चाकें इंजिनाच्या जोरानें फिरतात, तिच्या बाबतींत ही चूक अधिक महाग पडते. साध्या मोटारीहून तिच्या पोटांत दंतचक्रें अधिक, सांधे अधिक, बेअरिंगें अधिक. म्हणून आवाजाच्या जागाहि अधिक. शिवाय ही गाडी बहुधा अशा घरीं असते, जेथें तिच्यावांचून अडतें : घाटमाथ्यावरील डॉक्टर, कोंकणांतील बागाईतदार, डोंगरांतील शाळेचे चालक. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. पुढें १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि ही गाडी महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. १९८५ सालीं मारुति जिप्सी आली, २०१० सालीं थार आली, आणि २०२० सालीं तिची नवी आवृत्ति नाशिकच्या कारखान्यांतून बाहेर पडूं लागली. रूपें बदललीं, तरी या सर्वांची अंतर्रचना एकाच कुळांतील आहे; म्हणून एकीची परीक्षा कळली कीं दुसरीची कळण्यास वेळ लागत नाहीं.

शक्तीचा प्रवास

आवाज कोठून येतो हें शोधण्यापूर्वीं शक्ति कोणत्या वाटेनें जाते, हें डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. इंजिनांत उत्पन्न झालेली शक्ति क्लचमधून गिअरबॉक्समध्यें येते. त्याच्या पाठीशीं ट्रान्स्फर केस नांवाची दंतचक्रांची आणखी एक पेटी जोडलेली असते. तिच्यांतून प्रोपेलर शाफ्ट म्हणजे फिरते लोखंडी दांडे निघतात. एक मागील आंसाकडे, दुसरा पुढील आंसाकडे. आंसाच्या मध्यावर जो फुगीर गोळा दिसतो, त्यांत पिनियन नांवाचें लहान दंतचक्र क्राऊन नांवाच्या मोठ्या दंतचक्राला फिरवितें, आणि क्राऊनला जोडलेली डिफरन्शियलची योजना दोन्ही चाकांना शक्ति वांटून देते. वळणावर बाहेरील चाकाला अधिक अंतर तोडावें लागतें व आंतील चाकाला कमी. हा फरक सोसण्याचें काम डिफरन्शियलचें.

गाडी खड्ड्यांतून जातांना आंस वरखालीं होतो आणि गिअरबॉक्स मात्र चौकटीला बांधलेला असतो. म्हणून प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना वळणारे सांधे लागतात. आपले मिस्त्री ज्याला ‘जॉइंट क्रॉस’ म्हणतात तो हाच. सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्डानो याचें नांव या सांध्याला मिळालें आहे, आणि सतराव्या शतकांत इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें त्याच्या गतीचा अभ्यास केला. या सांध्याचा एक स्वभावदोष आहे. शाफ्ट वांकडा असतांना एक टोक सारख्या वेगानें फिरलें तरी दुसरें टोक प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतें व दोनदां मागें रेंगाळतें. कोन २० अंशांचा असेल, तर सरासरी १०० वेग धरून तो ९४ पासून १०६ पर्यंत हेलकावतो. यावर उपाय असा, कीं दोन टोकांना दोन सांधे घालावयाचे, दोहोंचे कोन सारखे ठेवावयाचे आणि शाफ्टवरील दोन्ही काटे एकाच पातळींत बसवावयाचे. म्हणजे पहिल्या सांध्याचा दोष दुसरा भरून काढतो. दुरुस्तीच्या वेळीं हे काटे एकमेकांशीं तिरपे बसले, तर निर्दोष सुटे भाग घालूनहि गाडी थरथरूं लागते. पुढील चाकें शक्ति घेत असतांनाच वळावयाचीं असल्यामुळें तेथें हा दोष चालत नाहीं. म्हणून बहुतेक नव्या गाड्यांत तेथें समवेग सांधा असतो. या सांध्याचा आज सर्वत्र चाललेला प्रकार आल्फ्रेड झेपा या अभियंत्यानें १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केला.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जीपच्या घराण्यांतील गाड्यांत पुढच्या व मागच्या आंसांमध्यें फरक सोसणारी डिफरन्शियलसारखी योजना नसते. दांडा चार चाकांच्या खुणेवर आणला, कीं दोन्ही प्रोपेलर शाफ्ट जणूं एकाच गांठीनें बांधले जातात. चिखलांत किंवा वाळूंत चाकें थोडीशीं घसरून ही ओढाताण सोडवितात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तीं घसरत नाहींत. मग वळणावर पुढच्या व मागच्या चाकांचा जो फरक पडतो, तो शाफ्टांना पीळ देत राहतो. स्टिअरिंग जड होतें, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळते, दांडा बाहेर निघत नाहीं, आणि शेवटीं पीळ सुटतांना खाडकन् आवाज होतो. हा रोग नव्हे; हा कुपथ्याचा परिणाम आहे. गाडी थोडी मागें घेतली कीं पीळ उतरतो व दांडा सुटतो.

आवाजाच्या जाति

आवाज ऐकतांना तीन प्रश्न विचारावे. तो इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो, कीं गाडीच्या वेगाबरोबर? तो ओढीच्या वेळीं येतो, कीं पाय उचलल्यावर, कीं सदैव? आणि तो सरळ रस्त्यावर येतो, कीं वळणावर? या तीन प्रश्नांनीं अर्धी शंका दूर होते.

गाडी उभी असतांना, गिअर न घालतां, इंजिन चालू ठेवून ऐकावें. क्लचचें पेडल दाबतांच आवाज थांबला, तर तो बहुधा गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगांचा समजावा. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच सोडविणारें बेअरिंग झिजलें आहे. पहिल्या तीन गिअरांत आवाज येतो आणि शक्ति सरळ आरपार जाणाऱ्या गिअरांत नाहींसा होतो असें दिसलें, तर गिअरबॉक्समधील जोडदांड्याचीं चक्रें किंवा बेअरिंगें पाहावीं. केवळ डोंगरी, म्हणजे कमी वेगाच्या खुणेवरच आवाज येत असेल, तर ट्रान्स्फर केसकडे वळावें. मात्र तेथें थोडी घरघर निर्दोष गाडींतहि असते.

गाडी चालतांना येणारा सलग गुंजारव पुष्कळदां टायरांचाच असतो. त्याची खूण अशी, कीं डांबरी रस्त्यावरून गुळगुळीत सिमेंटच्या रस्त्यावर जातांच तो बदलतो. दंतचक्रांचा आवाज रस्त्याची पर्वा करीत नाहीं. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येणारी शीळ किंवा हुंकार क्राऊन-पिनियनच्या दांतांच्या ओढणाऱ्या बाजूकडे बोट दाखवितो. पाय उचलल्यावर येणारा दांतांच्या दुसऱ्या बाजूकडे किंवा सैल झालेल्या पिनियनकडे. ओढ असो वा नसो, सारखाच राहणारा आवाज बेअरिंगांचा. त्यांतहि पिनियन चाकाच्या चार-पांच पट वेगानें फिरतें, म्हणून त्याच्या बेअरिंगाचा आवाज उंच असतो आणि क्राऊनच्या बाजूच्या बेअरिंगाचा खर्जांत गुरगुरतो. गाडी उजवीकडे वळवितांना भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळीं गुरगुर वाढली, तर डाव्या बाजूच्या चाकाच्या बेअरिंगाचा संशय घ्यावा. वळतांना ओढीबरोबर कट् कट् असा ठेका ऐकूं आला, तर पुढील समवेग सांधा पाहावा. हळू चालतांना चिमणीसारखी चिवचिव येत असेल आणि वेगाबरोबर तिची लय वाढत असेल, तर जॉइंट क्रॉसमधील ग्रीस संपलें आहे. ग्रीस भरल्यावर चिवचिव थांबली, तर तो वैद्यांचा उपशय झाला, म्हणजे निदान पक्कें झालें. पण रोग गेला असें समजूं नये, कारण कोरडे चाललेले सुईबेअरिंग पुन्हां नवे होत नाहींत.

गाडी सुटतांना किंवा मागेंपुढें करतांना येणारा ‘ठण्’ असा ठोका हा सैलपणाचा आवाज होय. सांधा, शाफ्टचा सरकता भाग, आंस पाट्यांना आवळणारे बोल्ट, गिअरबॉक्सखालचे रबरी आधार आणि सर्वांत शेवटीं क्राऊन-पिनियन, या क्रमानें तो शोधावा. स्वस्त व उघड्या जागा प्रथम, महाग व झांकलेल्या जागा शेवटीं, हा नियम केवळ काटकसरीचा नाहीं. अधिक वेळां बिघडणाऱ्या जागाहि त्याच आहेत.

स्वरावरून निदान

ज्या घरांत पेटी वाजते, त्या घरांतील माणसांना या कामीं एक अधिक साधन उपलब्ध आहे. जुन्या युद्धकालीन जीपचें उदाहरण घेऊं. तिच्या चाकाचा एक फेरा सुमारें २.२ मीटर अंतर कापतो. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर; तेव्हां चाक मिनिटाला सुमारें ४५५ फेरे, म्हणजे सेकंदाला साडेसात फेरे करतें. तिच्या पिनियनला ८ दांत आणि क्राऊनला ३९, प्रमाण ४.८८. म्हणून प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारें ३७ फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यांत पिनियनचे ८ दांत भिडतात. म्हणजे दांतांच्या आघातांची संख्या सेकंदाला सुमारें २९६. ही कंपनसंख्या पेटीच्या मधल्या सप्तकांतील पांढरी दोनच्या स्वराच्या अगदीं जवळची आहे. वेग निम्मा, म्हणजे ३० केला, कीं हाच स्वर बरोबर एक सप्तक खालीं उतरला पाहिजे.

आतां पाहा, या हिशेबाचा उपयोग किती! ६० च्या वेगाला पांढरी दोनच्या आसपास गुणगुण ऐकूं आली, तर संशय क्राऊन-पिनियनवर. सेकंदाला ३७ च्या सुमाराची थरथर जाणवली, जी ऐकण्यापेक्षां बुडाखालीं अधिक कळते, तर शाफ्टचा तोल गेला आहे. तिच्या दुप्पट, ७४ च्या सुमाराची असेल, तर सांध्यांचे कोन किंवा काट्यांची पातळी चुकली आहे. सेकंदाला सात-आठ हेलकावे बसत असतील, तर दोष चाकाचा किंवा टायरचा. आपापल्या गाडीचे दांत व चाकाचा परीघ हे आंकडे तिच्या माहितीपुस्तकांतून घेऊन हा हिशेब कोणाहि शाळकरी मुलाला करतां येईल. हल्लीं मोबाईल फोनवरहि कंपनसंख्या दाखविणारीं साधनें मिळतात. परंतु गाणाऱ्याचा कान त्यांच्याहून फारसा मागें नाहीं.

एका घरची हकीकत

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एका गांवीं दवाखाना चालविणाऱ्या एका डॉक्टरांच्या घरीं घडलेली गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. एकत्र कुटुंब, दोघे भाऊ, वृद्ध आई, मुलें-पुतणी. आणि जुनी, पण घरच्या माणसासारखी सांभाळलेली जीप. रात्रीअपरात्रीं अडलेल्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्याला तालुक्याच्या रुग्णालयांत न्यावयाचें, तर घाटाच्या वाटेनें याच गाडीचा आधार. एका उन्हाळ्यांत गाडी ५०-६० च्या वेगाला हुंकारूं लागली, पाय उचलला कीं ‘ठण्’ करूं लागली, आणि वळणावर कोणी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळूं लागली. तालुक्याच्या एका गॅरेजांत मागील क्राऊन-पिनियन बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा आंकडा असा होता, कीं थोरल्या मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठीं बाजूला ठेवलेली रक्कम त्यांत जावी. गाडी विकावी, तर पावसाळा महिन्यावर आलेला. घरांत दोन दिवस हाच विषय चालला होता.

डॉक्टरांची पुतणी गाणें शिकत होती. ती म्हणाली, “काका, रोग्याची हकीकत तुम्ही लिहून घेतां ना? मग गाडीची कां नको?” डॉक्टरांना तें पटलें. त्यांनीं चालकाला समोर बसवून विचारपूस केली. आवाज केव्हां सुरू झाला? दोन महिन्यांपूर्वीं. त्या सुमारास काय घडलें? मागचे दोन टायर नवे, मोठ्या खांचांचे घातले. पुढचे जुनेच राहिले. दांडा कोणत्या खुणेवर असतो? “घाट आहे ना साहेब, म्हणून मीं चार चाकांवरच ठेवतों.”

मग सर्वांनीं मिळून परीक्षा केली. सिमेंटच्या सपाट रस्त्यावर गाडी नेतांच हुंकार जवळ जवळ नाहींसा झाला. शिवाय पुतणीच्या कानाला तो पांढरी दोनपासून पुष्कळ खालीं लागत होता. म्हणजे तो क्राऊन-पिनियनचा नव्हताच. तो नव्या टायरांच्या खांचांचा होता. गाडी थोडी मागें घेऊन दांडा दोन चाकांवर आणला, तेव्हां मोठा ठोका बसून पीळ सुटला आणि वळणावरची अडखळ थांबली. नव्या व झिजलेल्या टायरच्या त्रिज्येंत सहा मिलिमीटरांचा फरक असला, तरी परिघांत सुमारें ३८ मिलिमीटर पडतात. दर किलोमीटरला पुढच्या व मागच्या चाकांच्या हिशेबांत सुमारें १७ मीटरांची तफावत येते. कोरड्या रस्त्यावर ही तफावत शाफ्टांनींच सोसावयाची, तर तक्रार कोणी कां करूं नये?

लहान ठोका मात्र राहिलाच. गाडी सपाट जागीं उभी करून, चारी चाकांना दगडांचे अडसर लावून डॉक्टर स्वतः खालीं गेले. मागील प्रोपेलर शाफ्ट हातानें उलट-सुलट फिरवितांना त्याच्या पुढील सांध्यांत स्पष्ट खेळ दिसला, आणि वाटीभोंवतीं तांबूस गंजाची भुकटी जमलेली होती. मागील गोळ्यांतलें तेल काढून पाहिलें, तर तें स्वच्छ. लोहचुंबकाच्या बुचावर करड्या रंगाचा बारीक कीस तेवढा. म्हणजे ज्या क्राऊन-पिनियनला मृत्युदंड मिळाला होता, तें निरोगी होतें. आणि ज्या सांध्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें, तो शेवटच्या घटका मोजीत होता. समजा, सांगितल्याप्रमाणें क्राऊन-पिनियन बदललें असतें, तर पैसे गेले असतेच. पण तो सांधा तसाच राहून पुढें एकाद्या रात्रीं घाटांत तुटला असता. मुलीच्या फीहून कितीतरी मोठी वस्तु तेथें पणाला लागली होती. एका दुपारीं नवा जॉइंट क्रॉस बसला, पुढचे टायर मागच्यांच्या जोडीचे घेतले, आणि चार चाकांचा दांडा केवळ चिखलापुरता राखून ठेवण्याचा नियम झाला. त्या पावसाळ्यांत गाडी एकदांहि वाटेंत उभी राहिली नाहीं.

उपचार

तेलाची परीक्षा ही सर्व उपचारांची सुरवात होय. येथें एक लहानसा नियम आहे : तेल सोडण्याचें खालचें बूच उघडण्यापूर्वीं तेल भरण्याचें वरचें बूच उघडून पाहावें. वरचें बूच गंजून घट्ट बसलेलें असलें आणि खालून तेल सोडून दिलें, तर रिकामी गाडी जागेवरच अडकते. चुंबकावर बारीक कीस चालतो. पापुद्रे, टवके किंवा दांताचा तुकडा आढळला तर मात्र गोळा उघडलाच पाहिजे. तेल दुधट दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे. ओढा ओलांडतांना तापलेला आंस एकदम थंड पाण्यांत बुडतो, आंतील हवा आकसते, आणि हवा येण्याजाण्याचें लहान छिद्र चिखलानें बुजलें असेल तर सीलमधून पाणी आंत ओढलें जातें. म्हणून पाण्यांतून गाडी नेल्यावर हें छिद्र साफ आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि दुधट तेल त्वरित बदलावें. तेल माहितीपुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच असावें. जीएल-५ जातीचें तेल क्राऊन-पिनियनला उत्तम. पण त्यांतील कांहीं द्रव्यें गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना बाधक ठरूं शकतात, म्हणून पुष्कळ गिअरबॉक्सांना जीएल-४ सांगितलेलें असतें. ‘तेल तें तेल’ असें म्हणून दोन्हींकडे एकच ओतणें हें अज्ञान होय.

जॉइंट क्रॉस बदलतांना शाफ्ट काढण्यापूर्वीं दोन्ही टोकांवर व सरकत्या भागावर रंगानें खुणा कराव्या, म्हणजे तो जसा होता तसाच बसतो आणि काटे एका पातळींत राहतात. वाटी बसवितांना आंतील एकादी सुई आडवी पडली तर सांधा जड फिरतो. तो तसाच ठोकून पुढें जाऊं नये. ग्रीस भरतांना चारी वाट्यांच्या कडेनें नवें ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावें. हें काम मध्यम प्रतीचा मिस्त्रीहि नीट करूं शकतो.

चाकाच्या निमुळत्या बेअरिंगांत ग्रीस बोटानें बाहेर फांसून भागत नाहीं. तें रोलरांच्या मधल्या जागांतून दाबून भरावें लागतें. नट आवळतांना चाक फिरवीत राहावें, आणि मग पुस्तकांत सांगितलें आहे तेवढाच सैल करून कुलूपपत्र्यानें बंद करावा. फार घट्ट नट बेअरिंग जाळतो. फार सैल नट चाक डोलवितो.

क्राऊन-पिनियनचें काम मात्र घरचें नव्हे. हीं दोन चक्रें कारखान्यांत एकमेकांशीं घांसून जोडीनें तयार केलेलीं असतात. म्हणून बदलावयाचीं तर दोन्ही, एक नव्हे. त्यांच्या दांतांमधील मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या-पंचमांश भागांत मोजावी लागते, आणि दांतांवर रंग लावून ते बरोबर मध्यावर भिडतात कीं कडेला, हें पाहावें लागतें. ज्या मिस्त्रीजवळ मोजण्याचें घड्याळ नाहीं आणि जो रंगाची खूण दाखवीत नाहीं, त्याच्या हातीं हें काम देऊं नये. दुरुस्तीनंतर झिजलेले भाग परत मागून घ्यावे व पाहावे. यांत अविश्वास नाहीं, शिक्षण आहे.

सावधगिरी

या परीक्षा करतांना जिवाला जपावें. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि जाऊं नये. मजबूत घोडीवर ती टेकवावी. एकच चाक उचलून गिअर घालून इंजिन कधींहि चालवूं नये; जमिनीवरील चाक धरलें तर गाडी उडी घेते. उचललेलें चाक हातानें फिरवून, वरखालीं धरून हलवून पाहणें एवढेंच घरीं करावें. जुन्या जीपच्या घराण्यांतील पुष्कळ गाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील टोकावर असतो. मागील प्रोपेलर शाफ्ट काढला कीं हातब्रेक निरुपयोगी होतो, म्हणून चाकांना अडसर लावल्याशिवाय त्याला हात घालूं नये. लांब लांकडी दांडा कानाला लावून आवाजाची जागा शोधतां येते. मात्र तो उभ्या गाडीच्या पेटीवरच टेकवावा, फिरत्या भागाजवळ नेऊं नये. आणि पदर, ओढणी, धोतराचा सोगा किंवा मोकळे केस घेऊन इंजिनाजवळ कोणी वांकूं नये. चालत्या गाडीच्या परीक्षेला चालवणारा एक व ऐकणारा दुसरा असावा, आणि उतारावर गिअर काढून गाडी सोडण्याचा प्रयोग कदापि करूं नये.

एवढें मात्र निक्षून सांगावयाचें, कीं सांध्याची चिवचिव व ठोका यांकडे दुर्लक्ष करणें परवडणारें नाहीं. प्रोपेलर शाफ्टचें मागचें टोक सुटलें तर गाडी थांबते. पण पुढचें टोक सुटून जमिनींत रुतलें, तर वेगांतील गाडी त्या दांड्यावर उचलली जाण्याचाहि संभव असतो. चाकाचें बेअरिंग शेवटपर्यंत झिजूं दिलें तर चाकच साथ सोडतें.

प्रत्येक घरांत रोग्याचे कागद व विम्याच्या पावत्या जपून ठेवतात, तशी गाडीचीहि एक साधी वही ठेवावी. तेल केव्हां बदललें, टायर केव्हां घातले, पाण्यांतून गाडी केव्हां गेली, नवा आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरांत, ओढींत कीं उतारावर प्रथम ऐकूं आला, एवढ्या चार ओळी तींत असल्या तरी पुरे. मिस्त्रीकडे जातांना ही वही घेऊन जावें. चांगल्या मिस्त्रीला तिच्यामुळें आनंदच होतो, कारण त्याचें अर्धें काम झालेलें असतें. आणि ज्याला ती पाहून राग येतो, त्याच्या हातीं आपली गाडी व आपलीं माणसें सोपवावीं कीं नाहीं, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.